इंग्लंडमध्ये घर घेताना : कायदेशीर टप्पे आणि नेहमीचे प्रश्न

नोकरी-व्यवसायानिमित्त इंग्लंडमध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांत काही वर्षांनी स्वतःच्या घराचा विषय निघतोच. रकमेचा काही भाग पुष्कळदा आई-वडिलांच्या ठेवींतून जातो आणि त्या चौकशीसाठी ते येथील शाखेत येतात. टोकन, साठेखत, मुद्रांक शुल्क, नोंदणी ही आपल्याकडील साखळी मनात धरून तेथील व्यवहाराकडे पाहिल्यास गफलत होण्याचा संभव असतो. तेथील पद्धतीचे मर्म असे की, करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधील नसतो. ती झाल्यावर मात्र माघार अतिशय महाग पडते. म्हणून सर्व चौकशी त्यापूर्वीच पूर्ण व्हावयास हवी. येथील विवेचन इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

१. प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती

एजंटामार्फत दिलेला प्रस्ताव विक्रेत्याने स्वीकारला, तरी तो ‘कराराच्या अधीन’ असतो. १९८९ च्या कायद्यानुसार जमीन अथवा घराच्या विक्रीचा करार लेखी व दोन्ही पक्षांच्या सहीचा असावा लागतो. तोंडी शब्दाला बंधन नाही. त्यामुळे अधिक किंमत देणारा भेटल्यास विक्रेता पहिल्या ग्राहकास नकार देऊ शकतो. या प्रकारास तेथे ‘गझम्पिंग’ म्हणतात. तोवर झालेला तपासणीचा व वकिलाचा खर्च सामान्यतः खरेदीदाराच्याच माथी बसतो.

२. वकील आणि तपासणी

कायदेशीर काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर पाहतो. तो मालकी हक्काची नोंद तपासतो, विक्रेत्याने भरलेल्या माहितीपत्रकावर प्रश्न विचारतो आणि ‘सर्च’ मागवतो. यात स्थानिक प्रशासनाकडील नियोजन व रस्त्यांची माहिती, पाणी व सांडपाण्याची जोडणी, पूर व दूषित जमिनीचा धोका यांचा समावेश होतो. जुन्या खाणींच्या भागात कोळसा खाणींचीही चौकशी करतात.

घराची भौतिक अवस्था पाहणे हे वकिलाचे काम नव्हे. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हेअर नेमावा. कर्ज देणारी संस्था मूल्यांकन करते ते स्वतःच्या सुरक्षेसाठी. ओल, छप्पर वा भिंतींचे दोष त्यात येतीलच असे नाही. ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे जुने तत्त्व तेथे आजही लागू आहे.

३. करारपत्रांची अदलाबदल

दोन्ही बाजूंनी सही केलेल्या एकसारख्या प्रती वकिलांमार्फत बदलल्या जातात आणि ताब्याचा दिवस ठरतो. या वेळी सामान्यतः किमतीच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते. नंतर खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास ही रक्कम जप्त होऊ शकते, शिवाय नुकसानभरपाईचा दावाही होऊ शकतो. म्हणून कर्जाचे लेखी मंजुरीपत्र हाती आल्याशिवाय अदलाबदल करू नये. घराची जोखीमही बहुधा याच क्षणी खरेदीदाराकडे येत असल्याने विमा त्याच दिवसापासून घ्यावा.

४. व्यवहारपूर्ती, कर व नोंदणी

ठरल्या दिवशी उरलेली रक्कम विक्रेत्याच्या वकिलाकडे पोहोचली की किल्ल्या मिळतात. आपल्याकडे मुद्रांक शुल्क दस्तासोबत भरावे लागते; तेथे ‘स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स’चे विवरणपत्र व भरणा पूर्तीनंतर १४ दिवसांत करावा लागतो. त्यानंतर लँड रजिस्ट्रीत नवीन मालकाची व कर्जाच्या बोजाची नोंद होते. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, तेथे हक्काचीच नोंदणी होते आणि त्या नोंदीस शासनाची हमी असते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात फ्लॅट असलेल्यास ‘पहिल्या घरा’ची करसवलत मिळते का?

उत्तर : नाही. जगात कोठेही पूर्वी घर घेतलेले वा वारसाहक्काने मिळालेले असल्यास ही सवलत मिळत नाही. इतकेच नव्हे, तर परदेशातील घरातील हिस्सा ४०,००० पौंड वा अधिक किमतीचा असेल, तर सामान्यतः ५ टक्के अधिभारही लागतो. पती-पत्नींपैकी एकाच्याच नावे घर असले, तरी दोघांचा विचार एकत्र होतो. अलीकडे वारशाने मिळालेला अर्धा वा कमी हिस्सा, तसेच पूर्वीचे राहते घर विकून दुसरे घेणे, अशा काही प्रसंगी अधिभारातून सूट आहे.

एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घराचे उदाहरण पाहू. प्रथमच घर घेणाऱ्यास ५,००० पौंड, सर्वसाधारण खरेदीदारास १०,००० पौंड, तर अधिभार लागणाऱ्यास ३०,००० पौंड कर पडतो. खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य नसल्यास आणखी २ टक्के, म्हणजे ८,००० पौंड, वाढतात. भारतातील मालमत्तेची, अगदी वडिलोपार्जित हिश्शाचीही, माहिती वकिलास प्रथमच द्यावी.

प्रश्न : लीजहोल्ड म्हणजे काय?

उत्तर : इंग्लंडमधील बहुतेक फ्लॅट ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर विकले जातात, ती मुदत संपली की हक्क मूळ जमीनमालकाकडे जातो. म्हणून शिल्लक वर्षे, देखभाल खर्च व भुईभाडे तपासावे. मुदत ८० वर्षांच्या खाली असल्यास ती वाढविणे महाग पडू शकते व कर्ज मिळण्यातही अडचण येऊ शकते. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या दीर्घ पट्ट्यांवर प्रत्यक्ष भुईभाडे आकारता येत नाही. जुन्या पट्ट्यांवर ते असू शकते.

प्रश्न : भारतातून आई-वडील किती रक्कम पाठवू शकतात?

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते, आई व वडील यांची मर्यादा स्वतंत्र असते. पॅन आवश्यक आहे. वर्षात १० लाख रुपयांवरील रकमेवर अशा कारणासाठी २० टक्के दराने स्रोतावर कर वसूल केला जातो. तो देय प्राप्तिकरात वळता होतो वा परत मिळतो. मात्र तेवढ्या रोख रकमेची सोय आधी करावी. घरखरेदीसारख्या भांडवली व्यवहाराकरिता या योजनेखाली पाठवावयाच्या रकमेसाठी बँकेस कर्ज देता येत नाही.

इंग्लंडमधील वकील पैशांचा उगम विचारतो. आई-वडिलांची ओळखपत्रे, खात्यांचे उतारे, ठेव मोडल्याचा वा मालमत्ता विकल्याचा पुरावा आणि ‘ही भेट असून घरात हिस्सा मागणार नाही’ असे पत्र तयार ठेवावे. कागद अपुरे असल्यास ऐनवेळी व्यवहार रखडतो.

प्रश्न : रक्कम पाठविताना कोणती दक्षता घ्यावी?

उत्तर : वकिलाच्या नावे बनावट ई-मेल पाठवून ‘खाते क्रमांक बदलला आहे’ असे कळविणाऱ्या टोळ्या सक्रिय आहेत. असा संदेश आल्यास रक्कम पाठवू नये. पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खाते पडताळावे, मगच पैसे पाठवावेत.

सारांश, कर्जाची लेखी मंजुरी, सर्व्हे अहवाल, सर्चची उत्तरे, कराचा हिशेब आणि भारतातून येणाऱ्या रकमेचे कागद या पाच गोष्टी हाती आल्यावरच करारपत्रांची अदलाबदल करावी. कर व परकीय चलनाचे नियम बदलत असतात. म्हणून प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी तेथील वकील व येथील शाखेकडून ते पुन्हा पडताळून घेणे हिताचे ठरते.