रेघ नेमकी कुठे ओढायची?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भूगोल घ्यावा, हे आमच्या घरी कुणालाच पटले नव्हते. "जमाखर्च शिकायला घातलंय की डोंगर मोजायला?" असे बाबांनी विचारले. खरे कारण मी त्यांना सांगितले नाही. दुसऱ्या शाखेचा एक विषय घेणे भागच होते, आणि भूगोलात नकाशे रंगवले की गुण पडतात असा माझा हिशेब होता. तो पहिल्याच चाचणीत चुकला. वीसपैकी सहा गुण!

विषयाचे नाव 'कर्नाटकाचा प्रादेशिक भूगोल'. सर निम्मे कन्नडमध्ये, निम्मे इंग्रजीत शिकवीत. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. बाजारातले कन्नड मला चांगले येते. भाव करता येतो, वेळ पडल्यास भांडताही येते. पण वर्गातले कन्नड निराळे. सर 'मळे नेरळिन प्रदेश' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भाजीचे मळे आणि त्यांवर पडलेली सावली उभी राहिली. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस आणि नेरळु म्हणजे सावली. म्हणजे शाळेत घोकलेला आपला पर्जन्यछायेचा प्रदेशच की तो! पुढे 'मलेनाडू'चा अर्थ मी 'पावसाचा मुलूख' असा लिहिला. तिथे 'ळ' नसून 'ल' आहे, आणि मले म्हणजे डोंगर, हे मला पेपर परत मिळाल्यावर कळले. पाऊस तिथे धो धो पडतो हे खरे, पण गुण काही मिळाले नाहीत.

त्या दिवसापासून मी वहीत तीन रकाने आखले : मराठी, कन्नड, इंग्रजी. कीर्द-खतावणीची सवय अशी कामाला आली. त्या वहीतला 'बयलुसीमे' हा शब्द मला अजून सोडत नाही. बयलु म्हणजे उघडे मैदान. पण 'सीमे' म्हणजे इथे हद्द नव्हे, तर मुलूख, प्रांत. आम्हां बेळगावच्या मुलांच्या कानावर 'सीमा' हा शब्द लहानपणापासून एकाच अर्थाने पडलेला. रेघेचा शब्द आतल्या जमिनीलाही वापरतात हे मला नवे होते. मग ध्यानात आले की मराठीतही तसेच आहे. शीव म्हणजे हद्द, पण शिवार म्हणजे हद्दीच्या आतले सारे रान.

आता मुख्य प्रसंग. सरांनी दहा गुणांचा स्वाध्याय दिला : आपल्या जिल्ह्याचे भौगोलिक प्रदेश पाडा. बेळगाव जिल्हा सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरचा. मी पट्टी घेतली, उभ्या दोन रेघा मारल्या. पश्चिमेला मलेनाडू हिरवा, पूर्वेला बयलुसीमे पिवळी, मधला संक्रमणाचा पट्टा पोपटी. सरांनी नकाशा पाहिला आणि एवढेच विचारले, "ही तुमची रेघ कुणाच्या घरावरून जाते?" मला उत्तर देता येईना. "जाऊन बघून या," म्हणाले, आणि गुण न देताच कागद परत केला. हे दहा गुण गेले असते तर विषय पुन्हा द्यावा लागला असता, तेव्हा जाणे भाग होते.

माझे आजोळ जांबोटीच्या बाजूला. तिथून पुढे कणकुंबीपर्यंत एस.टी.ने गेलो. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपले पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. पलीकडे उतरताना ते तापतात आणि कोरडे होत जातात. पुस्तकात हे चार ओळींत आहे. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण तेराशे, आणि अथणीकडे सहाशेचीही मारामार. कणकुंबीपासून अथणी रस्त्याने दोनशे किलोमीटरसुद्धा नाही! कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि सुमारे ३०४ किलोमीटर पूर्वेकडे वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते, ती मात्र पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. एकाच तालुक्यातले पाणी, पण काही बंगालच्या उपसागराला आणि काही अरबी समुद्राला. जलविभाजक ही तरी खरी रेघ आहे, असे मला वाटले.

आजीला मी विचारले, आपलं गाव मलेनाडूत की मधल्या पट्ट्यात? ती नाचणी पाखडत होती. म्हणाली, "पावसाला कुठली आलीया रेघ? कमी कमी होत जातोय तो." आमच्या पाठ्यपुस्तकातली 'संक्रमण पट्टा' ही व्याख्या याहून फारशी वेगळी नाही.

नंतरच्या रविवारी वर्गमित्राबरोबर त्याच्या गावी, अथणीकडे गेलो. चिकोडी ओलांडल्यावर घरांची उतरती कौले कमी होत गेली आणि सपाट छपरे दिसू लागली. तांबडी माती मागे पडून काळी आली. इथवर सारे पुस्तकाप्रमाणे. कोरडा प्रदेश म्हणून मी ज्वारी शोधत होतो, आणि दोन्ही बाजूंना ऊस! कृष्णेचे पाणी उपसून आणलेले. अलीकडे रायबाग-गोकाककडे हिडकल धरणाचे कालवे. पावसाच्या नकाशात जो भाग सर्वांत कोरडा, त्यातच साखर कारखाने. मित्राच्या आईने भाकरी वाढता वाढता कन्नडमध्ये सांगितले की त्यांच्या सासूच्या वेळी इथे ज्वारीच होती. म्हणजे प्रदेश वर्षांनुसारही बदलतो.

सरांनी आम्हाला रिचर्ड हार्टशॉर्न या अमेरिकन भूगोलज्ञाविषयी सांगितले होते. 'द नेचर ऑफ जिऑग्रफी' हा त्याचा ग्रंथ १९३९चा. त्याचे म्हणणे, प्रदेश ही जमिनीवर तयार सापडणारी वस्तू नव्हे. अभ्यासक आपल्या हेतूप्रमाणे तो आखतो. वर्गात हे ऐकताना मला जांभई आली होती, हे कबूल करतो.

पण खरा धक्का मला माझ्याच शाखेच्या बाजूने बसला. मामा भाजीच्या अडतीवर कामाला आहेत. एका पहाटे त्यांच्याबरोबर मार्केटला गेलो. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ओली मिरची, सगळे गोव्याच्या गाड्यांत चढत होते. मामा म्हणाले, "घाट बंद पडला की हितला दर पडतोय, तिथला चढतोय." चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळली की बेळगावच्या शेतकऱ्याच्या पट्टीत पैसे कमी पडतात. भूगोलात याला कार्यात्मक प्रदेश म्हणतात : सारख्या माती-पावसाने नव्हे, तर देवघेवीने बांधलेला. त्या हिशेबाने पणजीची मंडई आमच्या प्रदेशात येते आणि अथणीतला मित्राचा ऊस येत नाही. ही रेघ सह्याद्री ओलांडते, जलविभाजक ओलांडते, राज्याची हद्दही ओलांडते. माझ्या दोन उभ्या रेघांत तिला जागाच नव्हती.

तेव्हा मी नवा नकाशा केला. एकाऐवजी तीन ट्रेसिंग कागद : एकावर पाऊस, दुसऱ्यावर पिके, तिसऱ्यावर भाजीच्या वाटा. पट्टी वापरली नाही. पावसाचा रंग हाताने फिका फिका करत नेला. तिन्ही कागद एकावर एक ठेवले तर कुठलीच कड दुसरीवर बसत नव्हती. शब्द खाली तिन्ही भाषांत लिहिले, 'मले'तला 'ल' दोनदा तपासून.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ पाहिले. दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण काढायचा मी विसरलो होतो.