सभेत गप्प बसणाऱ्याचा वाटा



आजचं वाचन: महाभारत, सभापर्व. द्यूतसभेत विदुराने सांगितलेली प्रल्हादाची गोष्ट.

द्रौपदीचा प्रश्न आपल्या सगळ्यांना माहीत आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निश्चित सांगता येत नाही. विकर्ण एकटाच उठून म्हणतो की ती जिंकली गेलेली नाही, आणि कर्ण त्याला पोरसवदा ठरवून गप्प करतो. पुढचं वस्त्रहरण मनाला इतकं लागतं, की त्यानंतर विदुर काय बोलतो याकडे आपलं लक्षच राहत नाही. आज तिथे थांबूया.

विदुर गोष्ट सांगतो ती अशी. विरोचन हा प्रल्हादाचा मुलगा, म्हणजे आपल्या बळीराजाचा बाप. त्याचा आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा याचा वाद होतो, की दोघांत श्रेष्ठ कोण. दोघंही प्राण पणाला लावतात आणि निवाडा मागायला येतात थेट प्रल्हादाकडे. एका बाजूला पोटचा मुलगा, आणि न्याय करायचा बापाने!

प्रल्हाद गोंधळतो. पण गोंधळून बसून राहत नाही. तो कश्यप ऋषींकडे जातो आणि विचारतो, की माहीत असून जो उत्तर देत नाही त्याचं काय होतं? कश्यप सांगतात: काम, क्रोध किंवा भय यांमुळे जो गप्प राहतो, तो स्वतःला वरुणाचे हजार पाश बांधून घेतो. त्यातला एक पाश सुटायला एक वर्ष लागतं.

मग येतो हिशोब. निंद्य कृत्याची निंदा ज्या सभेत होत नाही, तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना. पण जिथे निंदा होते, तिथे प्रमुख सुटतो, सभासद सुटतात आणि सगळं पाप करणाऱ्याच्याच माथी जातं.

हे ऐकून प्रल्हाद मुलाच्या विरुद्ध निकाल देतो, आणि सुधन्वा प्रसन्न होऊन विरोचनाला जीवदान देतो.

मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे या अपूर्णांकांवर अडकलो. करणाऱ्याला फक्त पाव? ही दुःशासनाला सूट झाली की! पण दोन्ही ओळी एकत्र वाचल्या की उलगडतं. पाप मुळात करणाऱ्याचंच आहे. सभेचं मौन ते वाटून घेतं. म्हणजे आपण गप्प बसतो तेव्हा तटस्थ नसतो, अन्याय करणाऱ्याचं ओझं हलकं करत असतो. आणि वाटे सारखे नाहीत: ज्याच्या हातात थांबवायची सत्ता, त्याचा वाटा सगळ्यात मोठा. हस्तिनापुरात तो धृतराष्ट्राचा.

हाच प्रश्न जगात पुन्हा पुन्हा आला आहे. इ.स.पूर्व ४०६ मध्ये अथेन्सच्या लोकसभेला आठ सेनापतींना एकाच मतदानात दोषी ठरवायचं होतं. कायद्याने प्रत्येकाचा खटला वेगळा हवा. कामकाज चालवणाऱ्या मंडळात त्या दिवशी सॉक्रेटिस होता. लोक आरडाओरडा करत होते, तरी तो एकटा नाही म्हणाला. सेनापती वाचले नाहीत; हाती असलेल्या सहा जणांना मृत्युदंड झाला. विकर्णासारखंच, बोलूनही निकाल बदलला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्याच लोकांसमोर हा विषय काढला. त्यांची पत्नी ज्यू होती आणि नाझी राजवटीने १९३७ मध्ये त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती. १९४६ च्या पुस्तकात त्यांनी दोषाचे चार प्रकार केले: गुन्ह्याचा, राजकीय, नैतिक आणि ईश्वरासमोरचा. गुन्हा ज्याचा त्याचा, तो कोर्टात ठरतो. राजकीय जबाबदारी सगळ्या नागरिकांची. नैतिक दोष मात्र ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकापुढे; तिथे ‘वरून हुकूम होता’ हे उत्तर चालत नाही. त्यांचीच विद्यार्थिनी हाना आरेंट हिने पुढे एक धोका दाखवला: सगळेच दोषी म्हटलं की खरा दोषी गर्दीत लपतो. मला वाटतं, कश्यपांचा हिशोब हा धोका ओळखून आहे. तो ‘सगळे सारखेच’ म्हणत नाही, आणि ‘मी काय केलं?’ असं म्हणायलाही जागा ठेवत नाही.

आता आपल्याकडे येऊ. एखाद्या ॲपमध्ये ‘सबस्क्रिप्शन रद्द करा’ हे बटण मुद्दाम लपवलं जातं. डिझायनर म्हणतो, प्रॉडक्टने सांगितलं. डेव्हलपर म्हणतो, मला तिकीट आलं. टेस्टर म्हणतो, तिकिटात होतं तसंच चालतंय. फसते कोण? कुणाची तरी आई. आणि मीटिंगमधल्या एकानेही ‘हे बरोबर नाही’ म्हटलेलं नसतं.

पण प्रत्येक वेळी कळतंच असं नाही ना? खरंय. भीष्मांचा पेच खोटा नव्हता: दास झालेल्याला दुसऱ्याला पणाला लावता येत नाही, पण पत्नीवर पतीचा अधिकार त्या काळी मानला जायचा. शंका प्रल्हादालाही होती. फरक शंकेनंतरच्या पावलात आहे. प्रल्हाद उठून विचारायला गेला, उत्तर आपल्या मुलाच्या विरुद्ध निघालं तरी बोलला. भीष्म शंकेपाशीच थांबले, आणि तोवर समोर अत्याचार चालूच होता. शंका येणं पाप नाही. शंकेचा आडोसा करणं हे मात्र पाशात अडकणं आहे.

आणि विकर्ण? तो त्या दिवशी बोलला, पण युद्धात कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मेला. एकदा बोललो म्हणजे कायमचं सुटलो, असं नाही.

आजची साधना: कुठल्या विषयावर मी गप्प आहे, ते आठवा. मग कश्यपांचे तीन शब्द लावून बघा. काहीतरी मिळवायचंय म्हणून गप्प आहे (काम), कुणावर राग आहे म्हणून (क्रोध), की भीती वाटते म्हणून (भय)? तिन्ही नसतील आणि खरंच कळत नसेल, तर आज एका जाणत्या माणसाला विचारा. तिन्हींपैकी एक असेल, तर उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे.

भगवंता, आम्हाला प्रल्हादाची भक्ती तर दे, पण त्याचा तो निवाडाही दे.

राम कृष्ण हरी!