जुने स्पीकर, नवा आवाज

जुन्या बाजारात चक्कर मारली तर लाकडी पेटीतली जुन्या हाय-फाय स्पीकर्सची जोडी कुठेतरी दिसतेच. विकणारा म्हणतो, "एकदम चालू कंडिशन!" जाळी काढून बघावं तर वूफरच्या कडेचा फोम गळून पडलेला. मग आपण एक तर चांगली जोडी भंगार समजून सोडून येतो, नाहीतर जळकी कॉइल विकत घेऊन महिन्याचं मेसबिल घालवतो. दोन्ही टाळायला थोडं फिजिक्स आणि एक मल्टिमीटर पुरतो.

फोम का गळतो?

१९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. त्याआधी खोल बेस हवा तर भलीमोठी पेटी लागायची. व्हिल्चरनी छोटी पेटी पूर्ण सीलबंद केली आणि कोनला जागेवर आणायचं काम आत कोंडलेल्या हवेला दिलं. थोडक्यात, हवेची स्प्रिंग! त्यासाठी कोनची कड, म्हणजे सराऊंड, एकदम मऊ लागते. पुढे बऱ्याच कंपन्यांनी तिथे पॉलियुरेथेन फोम वापरला. दमट हवा आणि ऊन लागून तो साधारण १५-२० वर्षांत भुसभुशीत होतो. पण चुंबक, कोन आणि कॉइल बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणजे हा आजार बरा होणारा आहे!

घेण्याआधी काय बघाल?

१. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा, हळूच दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. फोम पूर्ण गेला असेल तर कोन तिरका बसूनही घासतो, म्हणून मधोमध धरून परत बघा.

२. वूफरवर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ ओहम दाखवतो. घाबरू नका, ८ हा इम्पीडन्स आहे, मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. ओपन दाखवलं तर कॉइल जळली.

३. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर रीडिंग बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका. ट्वीटरच्या आधी कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. ते रीडिंग फक्त वूफरचं! ट्वीटर काढून वेगळा मोजा, नाहीतर गाणं लावून कान जवळ नेऊन ऐका.

दुरुस्ती

जुना फोम आणि गोंद ब्लेडने हळूहळू खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन रिंग आधी कोनला चिकटवा, सुकू द्या. मग फ्रेमला. इथे कॉइल मधोमध राहणं सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी डस्ट कॅप कापून काढतात आणि कॉइल व मधल्या लोखंडी पोलच्या फटीत कागदाच्या पट्ट्या घालतात. २४ तास हात लावायचा नाही.

रिंग मापाची आणि तेवढीच मऊ हवी. फर्स्ट इयरचं सूत्र आठवा: रेझोनन्स फ्रीक्वेन्सी ही स्टिफनेस भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. कडक रिंग लावली की रेझोनन्स वर सरकतो आणि बेस जातो. मग ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं!

आता क्रॉसओव्हर. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात आणि वरचे सूर मंद होतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. "थोडा मोठा चालेल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. ८ ओहमला ४ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ५००० हर्ट्झचा कटऑफ. ८ मायक्रोफॅरड घातला तर तो २५०० वर येतो आणि नाजूक ट्वीटरवर नको तेवढा भार पडतो.

शेवटी दीड व्होल्टचा सेल दोन्ही वूफरना क्षणभर लावा. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत, एक बाहेर गेला तर बेस एकमेकांना मारतो. पेटी बंद करताना गॅस्केट नीट बसवा, कारण हवा गळली की व्हिल्चरची स्प्रिंग संपली. आणि पहिल्या दिवशी रूममेटने कितीही आग्रह केला तरी आवाज कमीच ठेवा!