आत्मविश्वास किरकोळीत मिळतो

पन्नाशीच्या आसपास शरीर एकदम बंद पडत नाही. आधी आपण एकेक गोष्ट टाळायला लागतो आणि टाळण्याला शहाणपणाची नावं देतो. मीरा रोडच्या शांतीनगरातल्या जुन्या इमारती चार-चार मजल्यांच्या, लिफ्ट नाही. तिथल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींकडे जाणं मी हळूहळू बंद केलं. कारण विचारलं तर ‘वेळच मिळत नाही’. दळण आणायला मुलगा. हळदीकुंकवाला सतरंजी दिसली की मी पोहे द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात. स्टेशनच्या पुलावर असताना खाली भाईंदर लोकल लागलेली दिसली तरी ‘दुसरी येईल’ म्हणून पाय सावकाशच. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर समजूतदारपणाचीच वाटते. सगळ्या एकत्र मांडल्या की कळतं, आपला आपल्याच पायांवरचा भरवसा उडालेला आहे.

मग घरात लग्न ठरलं. लग्नाआधी वजन उतरवून देतो म्हणणाऱ्या जिम आपल्याकडे दर चौकात आहेत. त्यातल्या एकीत वर्षाची फी एकदम भरली की सूट होती. तिथे वय, गुडघे, रक्तदाब असलं काही कुणी विचारलं नाही. पंचविशीतल्या मुलींच्या बॅचमध्ये उभं केलं आणि उड्या सुरू. गंमत अशी की सुरुवातीला फार छान वाटलं. दम वाढला, काटा थोडा खाली आला, लेडीज डब्यातल्या गप्पांना विषय मिळाला. मग एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेतून कळ गेली. ट्रेनर म्हणाला, दुखायलाच हवं, त्याशिवाय फरक पडत नाही. पुढे गुडघाही सुजला. लग्नात मी खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे समजावलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. व्यायाम सुरू केला की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतात. त्यामागून स्नायू येतात. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि तळव्याचा जाड पडदा यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांना महिने लागतात. म्हणजे दम टिकतो, म्हणून आपण वाढवत नेतो, आणि मार बसतो टाचेला. चाळिशी-पन्नाशीतल्या नव्या उत्साहाचा शेवट अनेकदा इथेच होतो. टाच काही महिन्यांत बरी होते. ‘आता आपल्याच्यानं होणार नाही’ ही खात्री मात्र मनात पक्की बसते, आणि तिच्यावर मलम नाही.

या खात्रीला खतपाणी घालतात ते प्रेरणादायी व्हिडिओ. बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून 2014 साली नऊवारीत, अनवाणी ज्येष्ठ नागरिकांच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. आपण ती गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, त्या धावल्या, मग मी का नाही? पण त्या शर्यतीमागे आयुष्यभराची शेतमजुरी होती. त्यांचे पाय रोजच कामावर होते. मिलिंद सोमण यांचंही तेच. पहिली मुंबई मॅरेथॉन 2004 ची. अडतिसाव्या वर्षी ते त्यात अर्धमॅरेथॉन धावले आणि 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. मधली अकरा वर्षं कुणी सांगत नाही. त्याआधी ते जलतरणाचे राष्ट्रीय विजेते होते, हेही निवेदक घाईत उरकतो. दोघांबद्दल मला आदरच आहे. पण विरार लोकल, ऑफिसची खुर्ची आणि घरचा ओटा एवढ्यात ज्यांची वीस-पंचवीस वर्षं गेली, त्यांनी त्या गोष्टींमधून घ्यायचं ते धैर्य. वेळापत्रक नव्हे.

दहा हजार पावलांचंही असंच. तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायू बळकट करण्याचा. 2020 मध्ये संघटनेने एक जुनी अटही काढली: सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही. आता तीन-चार मिनिटंही हिशेबात येतात. नोकरी करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा चांगली बातमी नाही. स्टेशनचा जिना, रिक्षाऐवजी अर्धं अंतर पायी, सगळं जमेला.

मला ज्याने पुन्हा उभं केलं तो व्यायाम ऐकायला हास्यास्पद आहे: खुर्चीवरून उठणं. डायनिंग टेबलाची साधी खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी दुमडायचे, उठायचं आणि बसायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा म्हणजे उंची वाढते. सोपं झालं की उशी काढा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याला हात टेकून, पाय मागे नेऊन, तिरके जोर. एवढंच, आणि तेही एक दिवसाआड. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, आणि पाळी जाताना हाडंही विरळ व्हायला लागतात. नुसत्या चालण्याने यातलं फारसं भरून येत नाही. आपल्या बायका चालतात पुष्कळ, पण जोर लागेल असं काही करत नाहीत. ते काम मंगळागौरीच्या फुगड्या आणि झिम्म्यांनी एके काळी वर्षातून एकदा तरी व्हायचं; आता मंगळागौरीचे ग्रुप स्टेजवर आणि आपण प्रेक्षकांत.

चालताना एवढंच पाहायचं की शेजारणीशी बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही. ना घड्याळ लागतं, ना ॲप. वाढवायचं तर एका वेळी एकच गोष्ट: वेळ वाढवला तर वेग तोच, चढ घेतला तर वेळ तोच. आणि दुखण्याचा नियम असा: व्यायामाच्या वेळी थोडं जाणवलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला तेच दुखणं हजर असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. निम्म्यावर या. बंद करू नका.

वजनाचा काटा मी कपाटावर टाकला. त्याऐवजी टाळलेल्या गोष्टींची यादी काढली आणि एकेक परत मिळवायला घेतली. आत्मविश्वास घाऊक भावात कुणी विकत नाही, किरकोळीतच घ्यावा लागतो. आधी अर्धं दळण, मग पूर्ण. मावशींकडे पहिल्या मजल्यावर थांबून, मग न थांबता. सगळ्यात उशिरा आलं ते जमिनीवरून उठणं. आधी पलंगाला धरून, मग एक हात गुडघ्यावर. ज्या दिवशी सतरंजीवरून कुणाचा हात न घेता उठले, त्या दिवशी वजन किती होतं ते मला माहीत नाही. पुढे घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. टेकडी छोटीच, 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला आपल्या दारात आहे आणि मीरा रोडची निम्मी माणसं तिथे गेलेली नाहीत. वरून खाडी छान दिसते.

खाण्याबद्दल थोडक्यात. व्यायाम वाढवून जेवण कापलं तर स्नायूही जातात. उसळ, डाळ, दही, अंडी, आणि मासे खात असाल तर उत्तनहून येणारे बोंबील-मांदेली. यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर खाली जाऊ शकते, हे माहीत असू द्या. छातीत दडपण, चक्कर, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थोड्या श्रमाने घाम फुटणं, यातलं काही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी ओवा खात बसू नका.

खंड पडणार. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यात पाणी, गणपतीत पाहुणे, मार्चमध्ये ऑफिस. खंडानंतर जिथे सोडलं होतं तिथून सुरू केलं की पुन्हा टाच धरते. निम्म्यापासून सुरू करायचं. पावसात जिना आहेच, घराच्या दारापासून.

त्यावरून आपल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. जिन्यातले चपलांचे रॅक, सायकली आणि कुंड्या हलवा, प्रत्येक मजल्यावरचा दिवा चालू ठेवा आणि दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवा. वार्षिक सभेत हा विषय कुणी मांडत नाही. यंदा तुम्ही मांडा.