पेट्रोलचा वास

पेट्रोलचा वास आपल्यापैकी बऱ्याच जणांना आवडतो. पण त्यात बेंझिन असतं. केमिस्ट्रीत षटकोन काढून मार्क मिळवतो, तेच! आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत चालतं, म्हणजे लिटरमागे साधारण १० मिली.

आता साधा हिशोब करा. गाडीत ५ लिटर पेट्रोल गेलं, की टाकीतली जवळपास तेवढीच वाफेने भरलेली हवा बाहेर पडते, ती नोझल धरणाऱ्याच्या नाकाशी. आपण दोन मिनिटांत निघतो. तो शिफ्टभर तिथेच उभा असतो. श्वासातून गेलेल्या बेंझिनपासून शरीरात जे पदार्थ बनतात, ते हाडांतल्या मगजाला इजा करतात. रक्तपेशी तिथेच तयार होतात, म्हणून वर्षानुवर्षांच्या संपर्काने रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर पेट्रोललाच कर्करोगकारक ठरवलं.

वाफ परत ओढणारी नोझल आणि कामगारांची नियमित रक्ततपासणी हे खरे उपाय. आपण काय करायचं? चेन किंवा हाताचं ग्रीस पेट्रोलने धुवायचं नाही, नळी तोंडाने ओढायची नाही. आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडं टाक" म्हणायचं नाही. पंपावरचा तो मुलगा बहुतेक आपल्याच वयाचा असतो.