निळ्या पॉपीला पावसाळा हवा

अगं, स्कॉटलंडात घर घेतलंस, मागे उत्तरेकडे उतरती बाग आहे, म्हणजे अर्धं काम झालं. शेजारणीचं बघून गुलाब लावत बसू नकोस. पुण्यात सात जन्मांत येणार नाहीत अशी हिमालयातली फुलझाडं तिथे अंगणात येतात. मे अखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीला पर्थची ब्रँकलिन बाग पाहून ये, मग मी काय म्हणते ते कळेल.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. ही झाडं थंडीने मरत नाहीत, हिवाळ्यात साचलेल्या पाण्याने मरतात. पूर्व हिमालयात आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि तेवढ्यात त्यांचं वाढणं, फुलणं उरकतं. मग कोरडा हिवाळा, वर बर्फाचा थर. तुझ्याकडे नेमकं उलटं: हिवाळाभर रिपरिप, आणि बर्फ पडला तरी फार दिवस टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात पावसाळा आपण द्यायचा आणि हिवाळ्यात पाणी निघून जाईल अशी सोय करायची. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच घे. मातीत जाड खडी मिसळ. बारीक वाळू नको, तिने माती आणखी घट्ट बसते. पानांचं खत सढळ हाताने घाल. ते घरीच कर: ऑक्टोबरात बीच-ओकची गळलेली पानं काळ्या पिशवीत ओली करून भर, पिशवीला भोकं पाड आणि दोन वर्षं तिकडे बघूही नकोस. चुन्याला मात्र या वाफ्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.

आता निळी पॉपी, म्हणजे मेकोनॉप्सिस. फ्रँक किंगडन-वॉर्डने 1924 साली तिबेटातून तिचं बी आणलं आणि ब्रिटनमधले बागवाले वेडे झाले, ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. तू ‘लिंगहोम’ जात घे, ती बी धरते. ‘स्लीव्ह डोनार्ड’ देखणी आहे, पण बी धरत नाही. गड्डे फोडूनच वाढवावी लागते. बी फेब्रुवारीत पेर. कुंडीतल्या ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. कुंडी थंड जागी ठेव, स्वयंपाकघराच्या खिडकीत मुळीच नाही. रोपं दाट झाली की बुरशीने एका रात्रीत आडवी होतात, म्हणून पेर विरळच हवी. वाफ्यात लावल्यावर पहिल्या वर्षी एकच झुबका असेल आणि त्यातून कळी निघाली, तर ती खुडून टाक. जीव कासावीस होईल, पण खुड. नाहीतर फुलून तिथेच संपण्याची भीती असते. उन्हाळ्यात माती सुकू देऊ नकोस, पावसाचं साठवलेलं पाणी घाल. गरमी झाली, ओल कमी पडली, की निळ्यावर जांभळट झाक येते. दर तीन वर्षांनी गड्डे फोडून ताज्या मातीत लाव.

तिचीच एक बहीण हिवाळ्यातही पानं राखून असते, मेकोनॉप्सिस पॅनिक्युलाटा. पानांवर सोनेरी लव असते. थेंब त्या लवेत अडकतात, मधल्या कोंबात उतरतात आणि कोंब सडतो. नोव्हेंबरात चार विटांवर काचेचा तुकडा तिरपा ठेव, वारा खेळता राहू दे. ही फुलली की मरते, तेव्हा बी धरून ठेवायला विसरू नकोस.

कार्डिओक्रायनम ही राक्षसी लिली. तिची रीत आपल्या केळीसारखी: एकदाच फुलायचं, पिल्लं मागे ठेवायची आणि जायचं. बियापासून फुलापर्यंत सातेक वर्षं लागतात. एवढा धीर नसेल तर लहानमोठे कंद आण, म्हणजे आगेमागे फुलतील. कंदाचं टोक मातीच्या पातळीशीच ठेव.

रॉस्कोया तुला आवडेल. आलं-हळदीच्याच कुळातली, सोनटक्क्याची नातेवाईक. कंद वीतभर खोल लाव आणि जागेवर खूण ठेव, कारण मे संपत आला तरी ती वर डोकावत नाही. एप्रिलमध्ये ‘इथे रिकामं दिसतंय’ म्हणून लोक तिथे कुदळ घालतात! खुणेच्या पट्टीवर पेन्सिलीने लिही, शाई उन्हापावसात उडून जाते. ट्रिलियम लावलंस तर फूल फुलदाणीसाठी तोडू नकोस. देठासोबत तिन्ही पानं जातात आणि कंदाला वर्षभराचा उपास घडतो.

इथून जाताना बॅगेत कंद, रोपं, बिया लपवून न्यायचं धाडस करू नकोस. वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, विमानतळावर शोभा होईल. त्यापेक्षा स्कॉटिश रॉक गार्डन क्लबची सभासद हो. 1933 पासूनची संस्था आहे, सभासद आपसात बियांची देवघेव करतात, बाजारात न मिळणारं बी तिथे मिळून जातं.

आणि वसंतात कोवळे कोंब वर आले, की पाऊस पडून गेलेल्या रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेच. बिनशंखाच्या, काळ्या लिबलिबीत असतात त्या आधी. हातमोजे घाल, तो चिकटा साबणानेही लवकर जात नाही.