वल्हं आणि काळा कोट

मुलगी पहाटे पाचला बोट क्लबवर जाते आणि परतते तेव्हा तळहात सोललेले असतात. बारावी तोंडावर आली आहे. पुढे तिला कायदा शिकून न्यायाधीश व्हायचंय. ‘मग हे वल्हं मारणं कशासाठी?’ माझ्याकडे सल्ल्याला आलेली आई विचारते. वडील बोलत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. कधी बोटीच्या जागी बॅडमिंटन असतं, कधी कबड्डी, प्रश्न तोच. अशा वेळी मी अनिता डीफ्रांझची गोष्ट सांगतो.

ही अमेरिकन मुलगी १९७०च्या सुमारास कनेक्टिकट कॉलेजात शिकायला गेली. कॉलेजच्या आवारात एक लांबलचक, अरुंद वस्तू दिसली, तेव्हा हे काय आहे, असं तिनं तिथल्या माणसाला विचारलं. ती वस्तू म्हणजे शर्यतीची नौका आणि तो माणूस प्रशिक्षक होता. तुला हा खेळ छान जमेल, असं त्यानं सांगितलं. तोवर तिनं वल्हं हातातही धरलं नव्हतं. आपल्याकडे आठवीतल्या मुलालाही ‘आता उशीर झाला’ म्हणणारे काका भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पदवीनंतर कायदा शिकायचा ठरला आणि तिनं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ निवडलं. विद्यापीठ नामवंत होतंच. पण त्याच शहरात, फिलाडेल्फियात, व्हेस्पर बोट क्लब होता, हेही कारण होतं. आपण कॉलेज निवडताना कटऑफ बघतो, हिनं नदीही बघितली. ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या नौकानयन शर्यती पहिल्यांदा झाल्या त्या १९७६ साली, मॉन्ट्रियलला. तेव्हा महिलांचं अंतर १००० मीटर होतं. आठ जणींच्या नौकेत बसून अनितानं कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी कायद्याची पदवी हातात आली. त्यानंतर तिनं फिलाडेल्फियातच लहान मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका कायदा संस्थेत नोकरी धरली.

खरी कसोटी १९८०ची. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाका, असा अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांचा आग्रह होता. अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीनं तो मानला. अनिता तेव्हा पुन्हा सराव करत होती. तिनं आणखी काही खेळाडूंना सोबत घेऊन थेट समितीवरच दावा लावला. जायचं की नाही हे खेळाडूनं ठरवावं, असं तिचं म्हणणं. मे महिन्यात न्यायालयानं दावा फेटाळला: संघ पाठवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार १९७८च्या कायद्यानं समितीला दिला आहे, खेळाडूला खेळण्याचा हक्क दिलेला नाही. ऑलिम्पिकही गेलं, खटलाही गेला. शिवाय देशद्रोही म्हणून बोलणी खावी लागली ती वेगळीच.

इथं पालक हमखास म्हणतात, ‘बघा, शेवटी काय मिळालं?’ त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं तिला ऑलिम्पिक ऑर्डर हा सन्मान दिला. १९८६मध्ये ती त्या समितीची सदस्य झाली आणि १९९७मध्ये पहिली महिला उपाध्यक्ष. न्यायाधीशाच्या खुर्चीत ती कधी बसली नाही. न्यायालयात उभी राहिली ती वादी म्हणून. पण नियम कुठे वाकतो आणि कुठे तुटतो, हे बोटीत बसणाऱ्या माणसाला ठाऊक होतं, म्हणूनच तिचं म्हणणं पुढं ऐकलं गेलं, असं माझं मत.

आता आपल्या घरात या. तीन वर्षांचा एलएलबी कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर करता येतो; पाच वर्षांचा बारावीनंतर. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायिक सेवेत शिरण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. म्हणजे पदवी मिळताच न्यायाधीश, ही घाई तशीही संपली. परीक्षेला वयोमर्यादा मात्र असते, ती एमपीएससीच्या जाहिरातीत नीट बघा. पुस्तक दोन-तीन वर्षं वाट बघेल, वीस वर्षांचं शरीर बघणार नाही.

नौकानयनात पैसा नाही, हेही लपवत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणायचा. लष्करात गेल्यावर त्याच्या हाती वल्हं आलं. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला, २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण मिळालं. खेळाला आधार होता तो लष्करातल्या नोकरीचा. मुलीच्या खेळामागेही असा एक आधार हवाच. कायद्याची पदवी तो होऊ शकते.

तेव्हा आईबाबांनो, निर्णय घेण्याआधी एक करा. उद्या पहाटे पाचला तिच्यासोबत क्लबवर जा. प्रशिक्षकांना विचारा, ‘हिच्यात किती दम आहे?’ उत्तर ‘फारसा नाही’ असं आलं तर तेही तिच्यासमोरच ऐका. मग माझ्याकडे या, आणि येताना तिला घेऊन या.